बेत तिखो : यरुशलायीममधील एक चिरेबंदी घर

यरुशलायीमच्या याफो रस्त्यावरून राव कूक गल्लीत वळले म्हणजे दुकानांचा गलबला मागे पडतो आणि झाडांआड एक दुमजली दगडी घर दृष्टीस पडते. त्यास ‘बेत तिखो’ म्हणतात. आपल्या मंडळींची पावले कोतेलकडे व बाजाराकडे वळतात, इकडे क्वचितच; म्हणून हा लेखप्रपंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या तटाबाहेर जी पहिली घरे उभी राहिली, त्यांपैकी हे एक. १८७३ ते १८८३ पर्यंत येथे पुराणवस्तूंचे व्यापारी मोशे शापिरा राहत. त्यांनी लंडनला नेलेली ‘देवारीम’ची चर्मपत्रे १८८३ साली बनावट ठरली व पुढील वर्षी त्यांनी आत्महत्या केली. १९२४ साली हे घर नेत्रवैद्य अव्राहाम तिखो यांनी विकत घेतले. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. त्या काळी खुपऱ्यांनी येथे कित्येकांची दृष्टी जाई. यहुदी व अरब दोघेही या दारी येत.

आता भिंतीविषयी. त्या काळच्या अशा घरांत भिंतीस दोन अंगे असत, दोन्ही घडीव दगडांची, आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे व चुना भरलेला. लाकूड दुर्मिळ, म्हणून छत कमानींवर पेललेले. अंगणाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. १९१८ साली गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी शहरात दगडी बांधकाम सक्तीचे केले. परंतु हल्लीच्या इमारतींवर काँक्रीटला चिकटविलेल्या पातळ फरशा तेवढ्या असतात. त्यास आम्ही दगडी घर म्हणणार नाही.

येथील ‘मेलेके’ दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होत जातो. हे ऐकताच आम्हांस आपला जांभा आठवला. कोकणातही चिरा ओला असतानाच तासतात. उन्हावाऱ्यात तो घट्ट होतो. रंग तेवढा निराळा, येथे फिकट सोनेरी, तेथे तांबडा.

डॉ. तिखो १९६० साली वारले. त्यांच्या चित्रकार पत्नी अन्ना यांनी १९८० मध्ये मृत्यूपूर्वी हे घर, आपली चित्रे व पतीने जमविलेले हनुक्काचे दिवे यरुशलायीमच्या रहिवाशांसाठी ठेवले. १९८४ पासून ते इस्राएल म्युझियमच्या वतीने सर्वांस खुले आहे.

आमचे रेवदंड्याचे घर आम्ही येथे येताना विकले. तिकिटांचे पैसे हवे होते. दुसरा विचार सुचला नाही. पुढे अनेक वर्षांनी गेलो तेव्हा जोते व विहीर उरली होती. चिरे कोणी कुंपणासाठी नेले होते. भिंत किती हात रुंद होती, ओटीला पायऱ्या किती, हे आता आम्हां भावंडांत एकमताने सांगता येत नाही.

ज्या वाचकांजवळ कोकणातील आपल्या घरांची छायाचित्रे असतील, त्यांनी मागील बाजूस गावाचे व माणसांचे नाव आजच लिहून ठेवावे. पेन्सिलीने लिहावे, शाई फोटोत उतरते.