वरळीचं दूरदर्शन केंद्र: आपल्या घरातला पहिला पडदा

2 ऑक्टोबर 1972. वरळीहून मुंबई दूरदर्शनचं प्रसारण सुरू झालं. दिल्लीनंतर देशातलं हे दुसरंच केंद्र! वर्षभरात सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि पुण्यातही चित्रं उमटू लागली. गडावरचा तो मनोरा आजही शहरातून दिसतो. मी पुण्यात आलो की आधी त्याच्याकडे मान वळते.

चाळीत एखाद्याकडेच टीव्ही असायचा. लाकडी सरकत्या दाराचा, कृष्णधवल. मुंग्या आल्या की कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचं आणि खालून ओरडा, ‘आलं, आलं! थांब तिथेच!’ मग सगळी चाळ सतरंजीवर.

आणि बघायचं काय? ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘किलबिल’, ‘ज्ञानदीप’. चिं. वि. जोशींच्या कथांवरचं ‘चिमणराव’ तर माझ्या मते मराठी मालिकांचा पायाच. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. कर्व्यांना लोक पुढे जन्मभर गुंड्याभाऊच म्हणत राहिले.

स्मिता पाटील इथेच मराठी बातम्या वाचायच्या. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, असं सांगतात. श्याम बेनेगलांनी त्यांना पडद्यावर पाहिलं, आणि 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ आला.

1976 मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, 1982 मध्ये रंग आले, पुढे वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं.

तुमच्या घरी पहिला टीव्ही कधी आला? जुना फोटो असेल तर नक्की टाका.