‘अ’ जीवनसत्त्व : ताटातले आणि ट्यूबमधले

पोहरादेवी आणि मानोरा परिसरातील महिलांच्या बैठकांत एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. चेहऱ्याला लावायची ट्यूब पुढे करून ताई विचारतात, “यात व्हिटॅमिन ए आहे म्हणतात. जीवनसत्त्वच ते, त्यानं काय वाईट होणार?” रामनवमीच्या यात्रेच्या आधी आणि लग्नसराईत अशा ट्यूबची मागणी वाढते. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान याच प्रश्नासाठी.

आधी त्वचा समजून घेऊ. त्वचेच्या तळाच्या थरात नव्या पेशी तयार होतात. त्या हळूहळू वर सरकतात, त्यांच्यात केराटिन नावाचे टणक प्रथिन भरते, त्या मरतात आणि साधारण महिनाभरात कोंडा होऊन गळून पडतात. पेशीने किती काळ जिवंत राहायचे आणि कधी टणक व्हायचे, यावर ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा ताबा असतो.

हे कळले ते शरीराबाहेर, काचेच्या बशीत पेशी वाढवून. या तंत्राला टिश्यू कल्चर म्हणतात. आपल्या देशात ते रुजवण्याचे मोठे श्रेय पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांना जाते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या हे तंत्र शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. गाय यांच्या त्याच प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कष्टकरी कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी तिला न विचारता वाढवल्या गेल्या. जगभर त्यांच्यावर संशोधन झाले, आणि घरच्यांना कित्येक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. बशीतल्या पेशीमागे माणूस असतो, हे आपण विसरू नये.

आता बशीत काय दिसले ते पाहू. 1953 साली केंब्रिजच्या ऑनर फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी कोंबडीच्या गर्भाची त्वचा बशीत वाढवली आणि तिला ‘अ’ जीवनसत्त्व गरजेपेक्षा जास्त दिले. ती त्वचा टणक होईना. उलट नाकाच्या आतल्या अस्तरासारखी चिकट स्राव सोडू लागली. 1981 साली इलेन फुक्स आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी वापरल्या. खाद्यद्रवातून ‘अ’ जीवनसत्त्व काढून टाकले, तर पेशी टणक होण्याच्या वाटेला लागल्या. परत घातले, तर ते थांबले. पुढे कारणही कळले. रेटिनॉइक आम्ल हे ‘अ’ जीवनसत्त्वाचे रूप पेशीच्या केंद्रकात शिरते आणि कुलपात किल्ली फिरावी तसे काही जनुकांचे काम चालू करते, काहींचे बंद.

म्हणजे हे जीवनसत्त्व पेशीला नुसते ‘पोसत’ नाही, हुकूम देते. हुकूम किती जोराचा, हे मात्रेवर ठरते. बशीतल्या पेशींना थोडे मिळाले तर त्या टिकतात, वाढतात. मात्रा फार वाढली तर त्याच पेशी मरतात. रेटिनॉल सौम्य, रेटिनॉइक आम्ल त्याहून कितीतरी प्रभावी.

ट्यूबवर ‘ट्रेटिनॉइन’ लिहिलेले असते, ते हेच रेटिनॉइक आम्ल. मुरुमांवर ते चांगले औषध आहे, पण औषध आहे, स्नो-पावडर नव्हे. ते लावल्यावर त्वचा सोलते, लाल होते, उन्हाला हळवी होते. रात्री ते लावून सकाळी कापूस वेचायला किंवा निंदणीला उन्हात गेले, की चेहरा भाजल्यासारखा होतो. त्याहून घातक म्हणजे गोरेपणासाठी विकले जाणारे तिहेरी मिश्रण : ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि मलम सोडले की आग होते. स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने 2018 साली केला. तरी ती हातोहात मिळतात.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्याही देतात. त्या गरोदरपणात घेतल्या, तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. गरोदर बहिणींनी ट्रेटिनॉइनचे मलमही टाळावे.

मग ‘अ’ जीवनसत्त्व नको का? हवेच! शेवग्याचा पाला, तरोटा, पालक, लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा, अंडी यांतून ते मिळते. भाजीला थोडे तेल घाला, म्हणजे अंगी लागते. बाळाला नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीसोबत 1 लाख युनिटचा डोस आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख युनिटचा, असे एकूण 9 डोस सरकारकडून मोफत मिळतात. एकही चुकवू नका. मात्र जादा डोस स्वतःच्या मनाने देऊ नका. हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि फार झाले तर बाधते. डॉ. रणदिवे यांनीही उतारवयात अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. प्रयोगशाळेइतकेच ताटाला महत्त्व आहे, हे त्या जाणून होत्या.

ट्यूब घरात असेल तर तिच्यावरची नावे वाचा किंवा शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. वरील तीन नावांपैकी एकही दिसले, तर ट्यूब घेऊन सरकारी दवाखान्यात जा. बरेच महिने लावत असाल, तर एकदम बंद न करता कशी सोडायची ते डॉक्टरांना विचारा.

सावळा रंग हा आजार नाही. त्वचेतले मेलॅनिन उन्हापासून पेशी राखते. रंगावरून मुलीला कमी लेखणे, तिचे लग्न अडवणे, हा रोग समाजाच्या मनाचा आहे. त्यावर मलम लावायचे, तर ते मुलीच्या गालावर नव्हे.