जीवनाची भाकर आणि साष्टीची ओवी

पोटाची भूक ओळखता येते. ती वेळेवर लागते आणि चार घास पोटात गेले की शमते. आत्म्याची भूक मात्र पुष्कळदा वेगळ्याच नावाने वावरते. कोणी तिला अस्वस्थता म्हणतो, कोणी एकाकीपण, तर कोणी ती नवनव्या वस्तूंच्या खरेदीत बुडवू पाहतो. जगातील बहुतेक धर्मपरंपरांनी या भुकेची दखल घेतली आहे. ख्रिस्ती धर्माने तिच्याविषयी बोलताना थेट अन्नाचीच भाषा स्वीकारली. येशूचे जन्मगाव असलेल्या बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच मुळी 'भाकरीचे घर' असा सांगितला जातो.

या विचाराचा गाभा योहानकृत शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात आहे. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजारांचा समुदाय तृप्त होतो आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरतात, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी जे घडले, त्याची चर्चा मात्र तुलनेने कमी होते. तोच समुदाय येशूला शोधत कफर्णहूमला पोहोचतो. काल पोट भरले, म्हणून तुम्ही आज आला आहात, असे येशू त्यांना स्पष्टपणे सुनावतो. नासणाऱ्या अन्नासाठी एवढी धडपड करण्यापेक्षा टिकणाऱ्या अन्नासाठी करा, असे सांगून तो स्वतःलाच जीवनाची भाकर म्हणतो. हे बोलणे अनेकांना जड वाटते आणि त्याचे बरेच अनुयायी त्याला सोडून जातात. भाकरी हवी असणारे पुष्कळ होते. भाकरी देणारा हवा असणारे थोडेच उरले.

ऐकणाऱ्यांच्या मनात त्या वेळी मान्नाची जुनी कथा होती. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएली लोकांना अरण्यात रोज पहाटे मान्ना मिळे. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर, एवढे त्याचे माप होते. उद्यासाठी साठवून ठेवले तर त्यात किडे पडत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी गोळा केलेले दुप्पट मान्ना तेवढे टिके. या कथेतून अध्यात्माचा एक व्यावहारिक नियम हाती येतो. काल केलेली प्रार्थना आजच्या दिवसाला पुरत नाही. एखाद्या उत्कट क्षणी आलेल्या अनुभवाच्या आठवणीवर जन्मभर गुजराण करता येत नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकरीचे मागणे आहे, पण ते आजच्या दिवसापुरते आहे. ख्रिस्ती विचारात टिकणारे पोषण म्हणजे रोज नव्याने जोडावयाचे नाते होय.

म्हणूनच मिस्साविधीत भाकरीला मध्यवर्ती स्थान मिळाले. गोव्यात पाव पोर्तुगिजांबरोबर आला आणि पोदेरांनी तो माडाच्या सुरेने फुगवून घराघरांत पोहोचवला. वेदीवरील भाकर मात्र, रोमन कॅथलिक रीतीप्रमाणे, केवळ गव्हाचे पीठ आणि पाणी यांची, न आंबवलेली असते. तिचा आकार लहान आणि चव जवळजवळ शून्य. जिभेला तिच्यात काही मिळू नये, पण भाविकाला मात्र सर्वस्व मिळावे, अशी ही योजना वाटते.

आत्म्याच्या अन्नाला भाषेचे पात्रही लागते, याचा पुरावा आपल्या साष्टी तालुक्यातच आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. त्यापूर्वीच, 1567 च्या सुमारास, या भागातील देवळे पाडली गेली होती आणि जुन्या ग्रंथांवर बंदी आली होती. धर्मांतरित समाजाला धर्मशिक्षण मिळत होते, परंतु ते प्रश्नोत्तरे पाठ करण्यापुरते होते. आपल्या ग्रंथाच्या प्रारंभीच स्टीफन्सने एका ब्राह्मणाची मागणी नोंदवली आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असा त्या मागणीचा आशय होता.

ही भुकेल्या माणसाची मागणी होती आणि तीत एक रास्त तक्रारही होती. ज्या समाजाने शतकानुशतके कथा ऐकून आपला देव जाणला, त्याला व्याख्या पुरत नाहीत. स्टीफन्सने ती मागणी मानली. 1616 मध्ये रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. दोन भाग, सुमारे 11 हजार ओव्या, आणि भाषा मराठी. सामान्य जनांसाठी त्याने कोकणीतही प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये प्रसिद्ध झाले. पुराणाच्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. अडतीस वर्षांत तीनदा छापावा लागलेला ग्रंथ लोकांनी किती आवडीने ऐकला असेल, याची कल्पना करता येते.

पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की, रहिवाशांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. वाढलेले ताट पुढून ओढून घेण्यासारखेच हे होते. तरीही पुराण तगले. हस्तलिखितांमधून ते जपले गेले आणि 1907 मध्ये मंगळूरला पुन्हा छापले गेले. त्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. लोकांनी उतरवून घेतलेल्या ओव्या मात्र उरल्या.

नासणारे आणि टिकणारे अन्न यांतला फरक इथे डोळ्यांसमोर उभा राहतो. सत्तेने लादलेले फारसे पचत नाही. जे आपल्या भाषेत, आपल्या चालीवर, वारंवार घोळवले जाते ते अंगी लागते. आजही ज्या घरात सायंकाळी सारे एकत्र बसून मायबोलीत प्रार्थना म्हणतात, तेथे जीवनाची भाकर वेगळी शोधावी लागत नाही. ती रोजच्या रोज मोडली जाते आणि वाटली जाते.