वळिवड्याच्या पोलिशांची दफनभूमी

आष्ट्याच्या दक्षिणेला, कोल्हापूरच्या वेशीवर, १९४३ ते १९४८ या काळात एक अख्खं पोलिश गाव नांदत होतं. वळिवडे त्याचं नाव.

१९४०-४१ साली सोव्हिएत राजवटीने पोलिश कुटुंबं सायबेरियात हाकलली. सुटका झाल्यावर इराणमार्गे त्यांतले सुमारे पाच हजार जण, मुख्यतः बायका आणि मुलं, इथल्या छावणीत आले. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट, सगळं काही त्यांनी उभं केलं. पुढे जामनगरजवळच्या बालाचडीच्या छावणीतली पोलिश अनाथ मुलंही इथेच आली. आजाऱ्यांसाठी आपल्या साताऱ्यातल्या पाचगणीत वेगळी सोय होती.

मग छावणी रिकामी झाली. तिच्या बराकींत फाळणीतले सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर! कापड घ्यायला तिथे जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

सत्तरहून अधिक पोलिश मात्र कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतच राहिले. २०१४ मध्ये त्या थडग्यांची डागडुजी झाली. महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे, आणि पोलंडची राजधानी वॉर्सा इथल्या या छावणीच्या स्मारकावरही कोल्हापूरचं नाव कोरलेलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉर्साच्या या स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं.