शाईचे गणित

तबल्याच्या पुडीवरची काळी शाई शोभेची नव्हे, वाचकहो! साध्या चामड्याचे उपस्वर बेसूर. शाईच्या भाराने ते सुरेल ओळीत येतात. १९२० साली रामन आणि शिवकाली कुमार यांनी हे दाखविले. १९३४ मध्ये रामन यांनी पुडीवर वाळू पसरून तिची थरथर न्याहाळली.

पण वाळूलाही वजन असते, आणि इथे सारे मर्मच वजनात! लेसरचा किरण पुडीला भार न देता तिची थरथर टिपतो. पुडी हलली की परतणाऱ्या प्रकाशाची कंप्रता किंचित बदलते. त्यावरून वेग कळतो. यंत्र आपोआप बिंदूमागून बिंदू मोजते आणि थरथरीचा नकाशा उमटतो.

मी भाषेचा मास्तर. मला नवल वाटते ते कारागिराचे. थरावर थर देत, दगडाने घोटत त्याने हे गणित नुसत्या कानाने सोडविले. यंत्र त्याचेच उत्तर ताडून पाहते आहे!