विश्लेषण : येशूशी मैत्री जोडणारी चिंतनप्रार्थना काय आहे?

ख्रिस्ती प्रार्थना म्हटली, की चर्चमधील उपासना किंवा हातातली रोझरीची माळ आठवते. मात्र एकांतात येशूसोबत शांत बसण्याचीही जुनी परंपरा आहे. तिचा एक प्रसिद्ध मार्ग संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिला.

या प्रार्थनेचा उगम कसा झाला?

इग्नेशियस हे स्पेनमधील सरदार घराण्यातले. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणात त्यांनी येशूचे आणि संतांचे चरित्र वाचले. पराक्रमाची स्वप्ने रंगवली, की नंतर मन कोरडे पडे. येशूच्या विचाराने आलेले समाधान मात्र टिके. हा फरक त्यांनी हेरला. त्यातून पुढे ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका आकाराला आली. तिला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. संपूर्ण साधना साधारण ३० दिवसांची असते.

ती कशी करतात?

शुभवर्तमानातील एक प्रसंग निवडतात. उदाहरणार्थ, यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय. तो येशूला हाका मारतो, लोक त्याला दटावतात. येशू मात्र थांबतो आणि तुला काय हवे, असे विचारतो. साधक हा प्रसंग सावकाश वाचतो, डोळे मिटतो आणि त्या धुळीत, त्या गर्दीत स्वतःला पाहतो. मग येशूचा तो प्रश्न आपल्यालाच आहे, असे मानून उत्तर देतो. अखेरीस जिवलग मित्राशी बोलावे तसे येशूशी मोकळेपणाने बोलायचे असते.

काहीच जाणवले नाही तर?

असे दिवस येतातच. अशा कोरड्या काळात आधी घेतलेले निर्णय बदलू नयेत आणि प्रार्थना आखडती न घेता उलट थोडी वाढवावी, असे इग्नेशियस सांगतात. दीर्घ साधनेसाठी अनुभवी मार्गदर्शक सोबत असतो.

मुंबईशी काय संबंध?

१९३१ मध्ये मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी ‘साधना’ या पुस्तकात श्वासाकडे लक्ष देण्यासारख्या पौर्वात्य पद्धती या प्रार्थनेशी जोडल्या. ते जगभर वाचले गेले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांवर आक्षेप घेतला. त्यांच्या लेखनात देव व्यक्तिरूप उरत नाही आणि येशू अनेक गुरूंपैकी एक ठरतो, असा तो आक्षेप होता.

मग खरा मुद्दा कोणता?

मनःशांती या प्रार्थनेत मिळू शकते, पण ते तिचे उद्दिष्ट नाही. समोर ‘कोणीतरी’ आहे, हा तिचा पाया आहे. म्हणूनच तिची कसोटी डोळे मिटल्यावर काय दिसले ही नाही, तर डोळे उघडल्यावर शेजाऱ्याशी, घरच्यांशी वागणे बदलले का, ही आहे. प्रेम शब्दांपेक्षा कृतीत दिसावे, हा इग्नेशियस यांचा आग्रह होता.