हिरव्या वाटाण्याचा कस पानापर्यंत पोचावा

थंडी स्थिरावली की बाजारात हिरव्या वाटाण्याच्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात तर हे पीक खरिपातही घेतले जाते व पावसाळ्यातच तेथील शेंगा सासवडच्या बाजारात येतात. वाटाणा हे हुकमी पैसा देणारे पीक असल्याने कोवळा माल बाजारात जावा व निबर शेंगा घरासाठी उराव्यात, असे पुष्कळदा घडते. त्यातच शिजविण्याची रीत सदोष असली, तर ज्या कुटुंबाने पीक वाढविले त्याच्याच मुलांना त्याचा पुरता लाभ होत नाही.

वाटाण्याचे पोषणमूल्य

शंभर ग्रॅम ताज्या दाण्यांत सुमारे ५ ते ७ ग्रॅम प्रथिने व ४० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते. याखेरीज ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे, लोह आणि कोठा साफ ठेवणारा चोथाही मिळतो. ज्वारी, बाजरी व तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. वाटाण्यात तो भरपूर असतो. उलट वाटाण्यातील गंधकयुक्त घटकांची उणीव धान्ये भरून काढतात. म्हणून भाकरीबरोबर उसळ किंवा वाटाणे घातलेला भात हा आहार एकट्या धान्यापेक्षा अधिक सकस ठरतो.

कस कोठे वाया जातो?

शेंग तोडल्यापासून दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते व गोडी उतरते. उष्ण जागी ही क्रिया जलद होते. यास्तव शेंगा सावलीत, थंड जागी ठेवाव्यात आणि दाणे स्वयंपाकाच्या वेळीच सोलावेत.

‘क’ व ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. दाणे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिल्यास त्यांचा बराच अंश पाण्याबरोबर जातो. हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची प्रथा तर सोडून द्यावी. सोड्याने रंग खुलतो, परंतु ‘ब-१’ आणि ‘क’ या जीवनसत्त्वांचा नाश होतो.

उसळीची योग्य रीत

चार वाट्या दाण्यांस दोन चहाचे चमचे तेल पुरे. मोहरी, जिरे व हिंगाची फोडणी करून त्यात वाटलेले आले-मिरची व दाणे परतावेत. अर्धी वाटी गरम पाणी व बेताचे मीठ घालून भांड्यावर खोलगट झाकण ठेवावे आणि झाकणात पाणी ओतावे. कोवळे दाणे मंद आचेवर आठ-दहा मिनिटांत शिजतात. रस्सा हवा असल्यास झाकणावरील गरम पाणीच वापरावे. कोथिंबीर व लिंबाचा रस भांडे उतरविल्यावर घालावा. आंबट पदार्थ आधी घातल्यास दाणे लवकर शिजत नाहीत व त्यांचा रंग काळपटतो. शिवाय लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे वाटाण्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

निबर दाणे टाकून देऊ नयेत. ते वाफवून, भरड वाटून थालीपिठाच्या पिठात मिसळावेत. मुले ते आवडीने खातात. वृद्धांसाठी शिजलेले दाणे घोटून, आले-जिरे लावून पातळ कढण करावे. कोवळ्या शेंगांच्या सालींचा आतील चिवट पापुद्रा काढून उरलेल्या भागाची भाजी होते. राहिलेल्या साली गुरांना घालाव्यात.

साठवण व खरेदी

भाव उतरलेला असताना दाणे साठवावयाचे झाल्यास ते उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटे बुडवून लगेच थंड पाण्यात टाकावेत, निथळून कोरडे करावेत व गोठविण्याच्या कप्प्यात ठेवावेत. सोललेले दाणे विकत घेताना मात्र सावध असावे. वाळलेला वाटाणा भिजवून व रंगवून ताजा म्हणून विकला जाण्याचा संभव असतो. पेलाभर पाण्यात दाणे अर्धा तास ठेवून पाणी हिरवे झाल्यास ते खाऊ नयेत.

शेंगांची पोती बाजाराला निघण्यापूर्वी प्रत्येक तोड्यातील एक टोपली कोवळा माल घरासाठी राखून ठेवणे वाटाणा उत्पादकांस कठीण नाही. त्या टोपलीची किंमत पट्टीवर दिसणार नाही, परंतु घरातील मुलांच्या वाढत्या अंगी ती लागल्याखेरीज राहणार नाही.